कोळंबीचे आरोग्य आणि खाद्यातील जंतुपोषक पदार्थ

पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीतील जनतेला कोळंबीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. मांद्रे, मोरजी, आगरवाडा, चोपडे, कोरगाव या भागांत ज्यांना सुंगटे म्हणतात ती खाडीत, खाजणात आणि मानशीच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या धरली जात आहेत. मात्र कोळंबी धरणे आणि कोळंबी वाढविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धरणाऱ्याला जाळे, भरती-ओहोटी आणि चंद्राच्या कला कळल्या म्हणजे पुष्कळसे काम भागते. वाढविणाऱ्याला मात्र पाणी, माती, बीज, खाद्य आणि रोग या पाचही बाबींचा हिशेब ठेवावा लागतो.

यांपैकी खाद्य आणि रोग या दोहोंना जोडणारा एक विषय अलीकडच्या काळात संवर्धकांच्या बोलण्यात वारंवार येतो. तो म्हणजे खाद्यात मिसळावयाचे 'प्रीबायोटिक' पदार्थ. हे पदार्थ कोळंबीची रोगप्रतिकारशक्ती वाढवितात, असे त्यांच्या पुड्यांवर छापलेले असते. हे विधान कितपत खरे आहे, ते पदार्थ कोळंबीच्या शरीरात नेमके काय करतात, लहान संवर्धकाने त्यांवर पैसा खर्च करावा काय आणि करावयाचा झाल्यास तो कोणत्या क्रमाने, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सोयीसाठी या पदार्थांना येथे 'जंतुपोषक' असे म्हटले आहे.

१. खाजण, मानस आणि कोळंबी

गोव्यात खाजण जमिनीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांध घालून खाडीपासून अलग केलेली, समुद्रसपाटीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असलेली ही जमीन म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अभियांत्रिकीचा उत्तम नमुना होय. बांधात बसविलेल्या मानशीच्या लाकडी दारांमुळे भरतीचे पाणी अडते आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात क्षार धुऊन गेल्यावर कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात घ्यावयाचे आणि पीक निघाल्यावर खारे पाणी आत घेऊन त्याबरोबर येणारी कोळंबी व मासळी वाढू द्यावयाची, असा हा क्रम होता. मानशीवरील मासळीचा हक्क लिलावाने दिला जाई व त्या उत्पन्नातून बांधांच्या दुरुस्तीला हातभार लागे.

या पद्धतीत कोळंबीला बाहेरून खाद्य दिले जात नसे. कापणीनंतर शेतात राहिलेली भाताची ताटे पाण्यात कुजत, त्यांवर जिवाणू, शेवाळ व सूक्ष्म प्राणी वाढत आणि ते कोळंबी खाई. खाजणातील शेतकरी कोळंबीला नव्हे, तर कोळंबीच्या अन्नाला खाऊ घालीत असे. जंतुपोषक पदार्थांमागील कल्पना याच्याशी मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की, येथे तळ्यातील जंतूंऐवजी कोळंबीच्या आतड्यातील जंतूंना पोसावयाचे असते.

जुन्या पद्धतीत उत्पन्न थोडे, पण खर्च जवळजवळ नाही आणि रोगाचा उपद्रवही कमी असे. एका चौरस मीटरमध्ये मोजकी कोळंबी असल्यामुळे एकीचा रोग दुसरीला लागण्यास वाव कमी होता. अर्धसघन किंवा सघन संवर्धनात हे चित्र पालटते. तेथे बीज विकत आणून दाट सोडले जाते, दिवसातून अनेक वेळा तयार खाद्य दिले जाते आणि न खाल्लेले खाद्य व विष्ठा तळाशी साठतात. गर्दी आणि घाण एकत्र आली म्हणजे रोगाला घर मिळते, हा नियम माणसांच्या वस्तीप्रमाणे कोळंबीच्या तळ्यालाही लागू आहे.

२. रोगाने शिकविलेला धडा

भारतातील कोळंबी संवर्धनाचा झपाट्याने विस्तार १९९० च्या सुमारास, विशेषतः पूर्व किनाऱ्यावर झाला. तेव्हा प्रामुख्याने टायगर कोळंबी वाढविली जात असे. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग देशात पसरला आणि असंख्य तळी रिकामी झाली. हा रोग लागलेल्या तळ्यातील कोळंबी तीन ते दहा दिवसांत जवळजवळ संपूर्ण मरू शकते. त्यावर त्या वेळी औषध नव्हते आणि आजही नाही.

११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निर्णय देऊन किनारी नियमन क्षेत्रातील कोळंबी संवर्धनावर कडक बंधने घातली. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींना मात्र त्यातून वगळण्यात आले. शेतजमीन, मिठागरे व खारफुटीच्या जमिनी तळ्यांसाठी वापरण्यास मनाई झाली. पुढे २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला व २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. या कायद्याप्रमाणे संवर्धन केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. २००९ मध्ये मूळच्या अमेरिका खंडातील व्हेनामी कोळंबीच्या संवर्धनास देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने टायगरची जागा घेतली.

गोव्याच्या दृष्टीने २०११ ची किनारी नियमन अधिसूचना विशेष महत्त्वाची ठरली. तीत खाजण जमिनींचे नकाशे तयार करावेत, तेथील खारफुटीचे रक्षण करावे आणि खाजणात विकासकामे होऊ नयेत असे सांगितले होते. त्याच अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची स्थाने म्हणून उल्लेख होता. सबब, या परिसरात तळे खोदण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम जमीन कोणत्या प्रकारची आहे, ती नियमन क्षेत्रात येते काय आणि तेथे कोणत्या पद्धतीस मुभा आहे, याची लेखी चौकशी मत्स्योद्योग खात्याकडे करावी. भातशेतीत मुद्दाम खारे पाणी सोडून ती कायमची नासविणे हा संवर्धनाचा मार्ग नव्हे. त्यात एकाचे तळे होते, पण शेजारच्या दहा जणांचे शेत जाते.

३. कोळंबी रोगाशी कशी लढते

माणसाला एकदा गोवर आला की सहसा पुन्हा येत नाही, कारण आपले शरीर त्या रोगाची आठवण ठेवते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. लसीचे तत्त्वही हेच. कोळंबीच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून माणसाला किंवा जनावराला टोचतो तशी लस कोळंबीला देऊन तिचे रक्षण करता येत नाही. तिचा सारा भरवसा जन्मजात प्रतिकारशक्तीवर असतो आणि तिची तटबंदी पुढीलप्रमाणे असते.

पहिला तट म्हणजे कवच. बाहेरील अंगाप्रमाणेच आतड्याचा पुढचा व मागचा भागही कवचाच्याच द्रव्याने, म्हणजे कायटिनने, आतून मढविलेला असतो. कात टाकताना हे अस्तरही गळून पडते. आतड्याच्या मधल्या भागाला मात्र असे अस्तर नसते. तेथे अन्नाभोवती एक पातळ पडदा तयार होतो व तेवढाच आडोसा मिळतो. रोगजंतूंना आत शिरण्यासाठी ही जागा सोयीची असते.

दुसरा तट म्हणजे रक्तपेशी. कोळंबीचे रक्त लाल नसते. त्यातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोहाऐवजी तांबे असल्यामुळे ते फिकट निळसर दिसते. या रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. काही पेशी जंतूंना गिळतात, काही त्यांच्याभोवती वेढा घालून त्यांना कोंडतात आणि काही जंतुनाशक द्रव्ये सोडतात.

तिसरा तट रासायनिक आहे आणि त्याची खूण प्रत्येक गृहिणीने पाहिलेली आहे. बर्फाविना ठेवलेल्या सुंगटांची डोकी काळी पडतात. कापलेले वांगे काळे पडते तेही याच जातीच्या क्रियेमुळे. जिवंत कोळंबीला जखम झाली किंवा जंतू आत शिरला की रक्तपेशींतील सुप्त विकर जागे होतात व काळे रंगद्रव्य तयार होऊन जखम बुजते, जंतू त्यात गाडला जातो. बाजारातील काही कोळंबींच्या कवचावर लहान काळे डाग दिसतात. ते पुष्कळदा अशा भरून आलेल्या जखमांचे असतात.

हे विकर उगीच जागे होत नाहीत. जिवाणू व बुरशी यांच्या पेशींच्या भिंतीत काही ठरावीक शर्करा-साखळ्या असतात. कोळंबीच्या रक्तातील विशिष्ट प्रथिने या साखळ्यांना ओळखतात आणि धोक्याची घंटा वाजवितात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण काही खाद्यपूरकांचे कार्य नेमके या ओळखीवर आधारलेले आहे.

४. आतड्यातील वस्ती

कोळंबी सोलताना पाठीवरून काढला जाणारा काळा दोरा म्हणजे तिचे आतडे होय. ते आखूड व सरळ असते आणि अन्न त्यातून काही तासांतच बाहेर पडते. डोक्याच्या कवचाखाली जो तपकिरी-पिवळसर मऊ गोळा दिसतो, तो यकृत व स्वादुपिंड या दोहोंचे काम एकट्याने करतो. पाचक रस तेथे तयार होतात, पचलेले अन्न तेथे शोषले जाते व चरबीचा साठाही तेथेच असतो. निरोगी कोळंबीत तो भरीव व गडद दिसतो. आजारी कोळंबीत तो फिका, आकसलेला किंवा पाणचट होतो.

आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. त्यांतील काही पचनास मदत करतात, काही निरुपद्रवी असतात आणि काही संधीची वाट पाहणारे असतात. संधिसाधूंमध्ये व्हिब्रिओ कुळातील जिवाणू अग्रभागी आहेत. खाऱ्या पाण्यात ते नेहमीच असतात व थोड्या संख्येने असले तर उपद्रव देत नाहीत. पाणी बिघडले, प्राणवायू घटला किंवा कोळंबी अशक्त झाली म्हणजे त्यांची संख्या वाढते. रात्रीच्या अंधारात तळ्यात चमकणारी कोळंबी दिसली तर तो याच कुळातील एका जिवाणूचा प्रताप असतो. याच कुळातील दुसऱ्या एका जिवाणूच्या काही वाणांनी २००९ नंतर चीन व आग्नेय आशियातील देशांत मोठा अनर्थ घडविला. ते वाण एक विष सोडतात व त्यामुळे वर सांगितलेल्या यकृत-स्वादुपिंडाच्या पेशी गळून पडतात. बीज सोडल्यापासून पहिल्या महिन्यातच कोळंबी मरू लागत असे. २०१३ मध्ये या रोगाचे कारण निश्चित झाले.

५. जंतुपोषक पदार्थ म्हणजे काय

'प्रोबायोटिक' आणि 'प्रीबायोटिक' या दोन शब्दांत नेहमी घोटाळा होतो. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत उपकारक जंतू. दह्याच्या विरजणाचे उदाहरण येथे चपखल आहे. प्रीबायोटिक म्हणजे जंतू नव्हेत, तर उपकारक जंतूंचे अन्न. विरजण हा पहिला प्रकार धरला, तर विरजणातील जंतू ज्यावर वाढतात ती दुधातील साखर दुसऱ्या प्रकाराच्या ठिकाणी समजावी. ग्लेन गिब्सन व मार्सेल रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये माणसाच्या आहाराच्या संदर्भात ही संकल्पना प्रथम मांडली. यजमानाला जे पचविता येत नाही, परंतु आतड्यातील निवडक जंतू ज्याचा उपयोग करतात व त्यामुळे यजमानाचे आरोग्य सुधारते, असा पदार्थ म्हणजे प्रीबायोटिक, असा तिचा आशय आहे.

कोळंबीच्या खाद्यात वापरले जाणारे प्रमुख पदार्थ असे:

(अ) फळशर्करेच्या लहान साखळ्या व इन्युलिन. कांदा, लसूण, केळे यांत हे पदार्थ निसर्गतः असतात. व्यापारासाठी इन्युलिन मुख्यतः चिकोरीच्या मुळांपासून काढतात.

(आ) मॅनन-शर्करेच्या साखळ्या. या किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशीभिंतीपासून मिळतात.

(इ) बीटा-ग्लुकन. हाही यीस्टच्या पेशीभिंतीतील, तसेच बुरशी व अळंबीतील पदार्थ आहे. काटेकोरपणे पाहता याला जंतुपोषक म्हणण्यापेक्षा प्रतिकार-उत्तेजक म्हणणे अधिक योग्य. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात.

६. त्यांचे कार्य

हे पदार्थ तीन मार्गांनी काम करतात असे मानले जाते.

पहिला मार्ग अन्नाचा. उपकारक जिवाणू या साखळ्या आंबवितात व त्यांपासून सौम्य आम्ले तयार होतात. व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंना अल्कधर्मी परिस्थिती मानवते. आम्लामुळे ती त्यांना प्रतिकूल होते आणि उपकारक जंतूंनी जागा व्यापल्यामुळे रोगजंतूंना पाय रोवण्यास वाव राहत नाही.

दुसरा मार्ग फसवणुकीचा. अनेक रोगजंतू आतड्याच्या भिंतीवरील मॅनोज नावाच्या शर्करेला धरून चिकटतात. खाद्यातून मॅनन-साखळ्या गेल्या म्हणजे जंतू भिंतीऐवजी त्यांनाच चिकटतात व विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

तिसरा मार्ग सावधगिरीच्या सूचनेचा. बीटा-ग्लुकन हा बुरशीच्या भिंतीचाच घटक असल्यामुळे कोळंबीच्या रक्तातील ओळखणारी प्रथिने त्याला शत्रूची खूण समजतात. प्रत्यक्ष शत्रू नसतानाही रक्तपेशी सज्ज होतात. गावात चोर आल्याची आवई उठली की लोक काठ्या घेऊन जागे राहतात, तसाच हा प्रकार आहे. आणि रोज आवई उठू लागली की कोणी उठेनासे होते, तेही येथे खरे आहे. बीटा-ग्लुकन दीर्घकाळ सतत दिल्यास प्रतिसाद मंदावतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून ते खंड पाडून देण्याचा सल्ला दिला जातो.

७. प्रयोगांनी काय दाखविले

अमेरिकेतील टेक्सास येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हेनामी कोळंबीला फळशर्करेच्या लहान साखळ्या खाद्यातून दिल्या गेल्या. कोळंबीच्या आतड्यातील जिवाणूंची रचना बदलली, रक्तपेशींची संख्या व त्यांची जंतुनाशक क्रिया वाढली. मात्र वजनवाढीत फरक पडला नाही. हा निष्कर्ष बोलका आहे. प्रतिकारशक्तीची मापे सुधारणे आणि तळ्यातून अधिक माल निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर ठिकाणच्या प्रयोगांत काही वेळा वजनवाढ व जगण्याचे प्रमाणही सुधारलेले दिसले, तर काही वेळा काहीच फरक दिसला नाही.

निष्कर्षांत असा फरक पडण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. प्रयोगशाळेतील टाकीत स्वच्छ, एकसारखे पाणी असते. तळ्यात कोळंबी तळाचा गाळ, शेवाळ व सूक्ष्म प्राणी सतत खात असते, त्यामुळे तिच्या आतड्यातील जंतू बव्हंशी तळ्यातील पाण्याचे व मातीचेच असतात. पाणी कुजके असेल तर खाद्यातील दोन ग्रॅम पदार्थाने आतड्यातील वस्ती सुधारावी, ही अपेक्षा व्यर्थ होय. दुसरे असे की, आतडे आखूड असल्यामुळे पदार्थावर क्रिया होण्यास वेळ थोडा मिळतो.

तात्पर्य, जंतुपोषक पदार्थ हे औषध नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांनी बरा होत नाही. चांगल्या व्यवस्थापनाला पूरक म्हणून आणि प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आहे. प्रतिजैविकांचा अंश आढळल्यास परदेशातून माल परत येतो आणि एकाच्या चुकीचा फटका साऱ्या निर्यातीला बसतो. शिवाय प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू पाण्यात निर्माण होतात व तेच पाणी खाडीत जाते. जंतुपोषक पदार्थांत हा धोका नाही, हा त्यांचा मोठा गुण मानला पाहिजे.

८. वापरण्याची रीत

बहुतेक प्रयोगांत मॅनन व फळशर्करेच्या साखळ्यांचे प्रमाण एक किलो खाद्यास १ ते ५ ग्रॅम या पल्ल्यात ठेवलेले दिसते. बीटा-ग्लुकन याहून कमी लागते. प्रत्यक्ष वापरताना पुडीवर दिलेले प्रमाण पाळावे. अधिक दिल्याने अधिक लाभ होत नाही. विकत घेण्यापूर्वी पुडीवर घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि प्रतिजैविकमुक्त म्हणून किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याचा उल्लेख आहे काय, हे पाहावे. घटकाचे नावच नसलेली पुडी घेऊ नये.

पदार्थ प्रथम थोड्या स्वच्छ पाण्यात कालवावा. तयार खाद्य ताडपत्रीवर पसरून त्यावर ते पाणी शिंपडावे व हाताने हलकेच मिसळावे. वर मासळीच्या तेलाचा किंवा अंड्यातील पांढऱ्या भागाचा पातळ हात द्यावा, म्हणजे पदार्थ पाण्यात लगेच विरघळून जात नाही. खाद्य अर्धा तास सावलीत वाळवावे, उन्हात नव्हे, आणि त्याच दिवशी संपवावे. ओलसर खाद्य साठविले तर त्यावर बुरशी येते व तिचे विष कोळंबीला मारक ठरते. पावसाळी हवेत याबाबत अधिक जपावे.

हे पदार्थ सबंध हंगामभर देण्यापेक्षा निवडक काळात देणे शहाणपणाचे आहे. बीज सोडल्यानंतरचा पहिला महिना-दीड महिना, कात टाकण्याचा काळ, अवकाळी पाऊस किंवा क्षारतेत मोठा बदल होण्याच्या आधीचे दिवस, हे असे प्रसंग होत. कात टाकलेली कोळंबी काही तास मऊ व असहाय असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बरीच कोळंबी एकदम कात टाकते, असा अनेक संवर्धकांचा अनुभव आहे. तारखा आधीच ठाऊक असल्याने त्याप्रमाणे तयारी करता येते.

९. खर्चाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. पुढील दर केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. समजा, ४,००० चौरस मीटरच्या तळ्यात दर चौरस मीटरला १० प्रमाणे ४०,००० टायगर कोळंबीचे बीज सोडले. त्यांतील शेकडा ७० जगले, म्हणजे २८,००० कोळंबी झाली. सरासरी वजन २५ ग्रॅम धरल्यास ७०० किलो माल होतो. एक किलो मालाला दीड किलो खाद्य या हिशेबाने १,०५० किलो खाद्य लागले. किलोमागे २ ग्रॅमप्रमाणे जंतुपोषक पदार्थ २.१ किलो लागेल. त्याचा दर किलोला ८०० रुपये धरला तर खर्च १,६८० रुपये. कोळंबीचा भाव किलोला ४०० रुपये असेल, तर हा खर्च भरून येण्यास ४.२ किलो, म्हणजे १६८ कोळंबी अधिक जगली पाहिजे.

चाळीस हजारांत एकशे अडुसष्ट ही संख्या क्षुल्लक वाटते आणि येथेच संवर्धक फसतो. एवढा फरक एका तळ्यात डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. दोन शेजारच्या तळ्यांत कोणतेही कारण नसताना याच्या अनेक पटींनी फरक पडतो. त्यामुळे माल बरा निघाला की पुडीचा गुण आणि वाईट निघाला की पाण्याचा दोष, असे म्हणणे विक्रेत्याला सोपे जाते. अशा एकामागून एक पाच प्रकारच्या पुड्या घेतल्या तर खर्च ८,४०० रुपये होतो व तो भरून येण्यास ८४० कोळंबी अधिक जगावी लागते. उलट, बीजाची विषाणू-तपासणी न करता ते सोडले व रोग आला, तर ७०० किलोंचा, म्हणजे २,८०,००० रुपयांचा सारा माल जातो. पैसा थोडा असेल तर तो प्रथम कशावर खर्च करावा, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

खात्री करून घेण्याची इच्छा असणाऱ्यांनी आपसांत मिळून प्रयोग करावा. सारखे बीज, सारखे खाद्य व सारखे पाणी असलेली शक्य तितकी तळी घ्यावीत. निम्म्यांत पदार्थ द्यावा, निम्म्यांत देऊ नये. कोणत्या तळ्यात द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दर आठवड्याला नमुन्याचे वजन, चेक ट्रेमध्ये उरलेले खाद्य आणि मेलेल्या कोळंबीची संख्या वहीत लिहावी. एका तळ्यावरून किंवा एका हंगामावरून निर्णय घेऊ नये.

१०. आधी काय करावे

(१) तळे प्रत्येक हंगामानंतर रिकामे करून काळा गाळ काढावा. खाजणाची माती वाळल्यावर पुष्कळदा आम्लधर्मी होते, म्हणून मातीची तपासणी करून चुन्याची मात्रा ठरवावी.

(२) मानशीतून येणारे पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावे. रानटी खेकडे व कोळंबी यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आत येतो.

(३) नोंदणीकृत बीज केंद्रातील, विषाणू-तपासणी केलेलेच बीज घ्यावे व तपासणीचा दाखला जपून ठेवावा.

(४) पाण्यातील प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमखाली जाऊ देऊ नये. सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. पहाटेची वेळ प्राणवायूच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असते.

(५) चेक ट्रे पाहूनच खाद्य कमी-अधिक करावे. उरलेले खाद्य म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा आणि रोगजंतूंना दिलेली मेजवानी.

(६) या पाच गोष्टी साधल्यावरच जंतुपोषक पदार्थांचा विचार करावा.

रोगाची शंका आल्यास मानस ताबडतोब बंद करावी. तळ्यातील पाणी खाडीत सोडू नये व मत्स्योद्योग खात्याला कळवावे. घाबरून रातोरात पाणी सोडून देणारा संवर्धक आपले नुकसान वाचवीत नाही. ते पाणी पुढच्या भरतीबरोबर शेजाऱ्याच्या मानशीतून आत शिरते. खाजणाचा बांध जसा सर्वांचा, तसे खाडीचे पाणीही सर्वांचे आहे.

११. शिक्षकांसाठी

विज्ञानाच्या शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. बाजारातील एक ताजी कोळंबी घेऊन विद्यार्थ्यांना पाठीवरचे आतडे व डोक्याखालचे यकृत-स्वादुपिंड दाखवावे. दोन कोळंबींपैकी एक बर्फावर व एक उघडी ठेवून डोके काळे पडण्यास किती वेळ लागतो याची नोंद करावी. कोमट पाण्याच्या दोन पेल्यांत थोडे यीस्ट घालून एकातच साखर टाकावी. साखरेच्या पेल्यात फेस येतो, दुसऱ्यात जवळजवळ येत नाही. जंतूंना त्यांचे अन्न मिळाले तरच ते काम करतात, हे तत्त्व त्यावरून मुलांच्या मनावर ठसेल. वरील हिशेबाचे उदाहरण दर बदलून गणिताच्या तासालाही देता येईल. ज्या मुलांचे आई-वडील मासळीच्या व्यवसायात आहेत, त्यांना त्या दिवशी वर्गात सांगण्यासारखे पुष्कळ असेल. त्यांना अवश्य बोलू द्यावे.

१२. समारोप

जंतुपोषक पदार्थांमागील शास्त्र खरे आहे, मात्र त्यांची शक्ती मर्यादित आहे. ज्याचे पाणी व बीज चांगले आहे, त्याला ते थोडी मदत करतील. ज्याचे तळे घाण आहे, त्याला ते वाचविणार नाहीत. पेडण्याच्या किनाऱ्यावरील लहान संवर्धकाने पुडीवरील मजकुरापेक्षा आपल्या वहीतील नोंदींवर अधिक विश्वास ठेवावा. जमिनीचा प्रकार, नोंदणी, बीजाची तपासणी व रोगनिदान यांबाबत मत्स्योद्योग खात्याकडे, तर मातीच्या व खाजण शेतीच्या प्रश्नांबाबत जुने गोवे येथील एला गावच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे विचारणा करता येईल. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेत १९८७ पासून या विषयावर संशोधन चालू आहे. ग्रामपंचायती, शेतकऱ्यांच्या संस्था व शाळा यांनी एकत्र येऊन हंगामाच्या प्रारंभी, म्हणजे भाताची कापणी आटोपल्यावर व मानशीतून पाणी आत घेण्यापूर्वी, या विषयावर एक बैठक घ्यावी व तीत बांधांच्या दुरुस्तीचाही विचार करावा.